वॉकी-टॉकीचं बटण दाबलं की २४ चे २५ व्होल्ट होतात: पॉवर सप्लायची आरएफ (रेडिओलहरींची) चाचणी घरच्या बाकावर कशी करावी?

निळी_एलईडी (धागाकर्ता)

नमस्कार. दोन महिने एका प्रश्नानं पिच्छा पुरवलाय, म्हणून इथं मांडतोय.

२४ व्होल्ट, ५ अँपिअरचा एसएमपीएस, म्हणजे स्विचिंग पॉवर सप्लाय आहे. दुय्यम बाजूला टीएल४३१ (आउटपुट ताडून बघणारी रेफरन्सची चिप) आणि तिचा निरोप प्रकाशानं पलीकडे नेणारा ऑप्टोकपलर, अगदी नेहमीची मांडणी. आउटपुटची केबल दीड मीटर लांब, आणि तिच्याबरोबर दोन बारीक सेन्सच्या तारा (लोडपाशी खरं व्होल्टेज किती हे सप्लायला कळवणाऱ्या) थेट लोडपर्यंत जातात. लोड बदला, मेन्स खालीवर करा, २४.०२ चा आकडा जागचा हलत नाही. पण शेजारच्या माणसानं वॉकी-टॉकीचं बटण दाबलं की आउटपुट २५ च्या पुढे जातं, आणि बटण सोडलं की पुन्हा २४.०२. एकदा तर ओव्हरव्होल्टेज संरक्षणानं सप्लाय बंदच पाडला.

चाचणी प्रयोगशाळेतही हेच झालं. आयईसी ६१०००-४-३ (अँटेनानं उपकरणावर आरएफ सोडून बघायचं मानक) नुसार १० व्होल्ट प्रति मीटरला ९२ ते ११८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात नापास. गंमत वाटेल, पण अँटेना उभी असतानाच नापास, आडवी केली की काही होत नाही. त्यांनी अहवाल दिला, कारण सांगणं त्यांचं काम नव्हे हे मान्य. पुन्हा तिथं जाण्याआधी मला बाकावरच हा दोष उभा करून दाखवता यायला हवा. तो कसा करावा? आणि मुळात स्विचिंग सप्लायला १०० मेगाहर्ट्झचं काय पडलंय? त्याचा लूप (आउटपुट बघून ते सावरणारी फीडबॅकची साखळी) तर काही किलोहर्ट्झच्या वर बघतही नाही.

जुने_सोल्डर

तुमच्या शेवटच्या प्रश्नातच उत्तर आहे. लूपला १०० मेगाहर्ट्झ दिसत नाही हे खरं, पण टीएल४३१ च्या आत जे ट्रान्झिस्टर आहेत त्यांचे जंक्शन डायोडच असतात. आरएफ तिथं पोचली की तिचं रेक्टिफिकेशन होतं, म्हणजे ती एकाच दिशेची होते, आणि उरतो तो डीसी. लूपला हा डीसी खरा वाटतो. रेफरन्स पिनवर २.४९५ व्होल्ट असायला हवेत, तिथं १०० मिलिव्होल्टची चूक शिरली तर २४ च्या आउटपुटवर ती साडेनऊ पटीनं वाढून दिसते, म्हणजे जवळजवळ एक व्होल्ट. लूप इमानदारीनं काम करतोय, त्याला माहितीच चुकीची मिळतेय.

म्हणून एक सोपी खूण सांगतो. आरएफची पातळी दुप्पट करा. आउटपुटची सरक चौपट झाली तर जंक्शनमधलं रेक्टिफिकेशन समजा, कारण ते वर्गाच्या नियमानं चालतं. ३ वरून १० व्होल्ट प्रति मीटरला गेलात तर अकरापट. "३ ला तर काहीच नव्हतं, १० ला एकदम कसं काय?" असं लोक विचारतात ते यामुळेच. ३ लाही होतं, कोणी पाहिलं नव्हतं.

हे फक्त स्विचिंगचं दुखणं नाही. एलएम३१७ च्या अ‍ॅडजस्ट पिनवर लांब तार जोडून बघा, साधा लिनिअर रेग्युलेटरही असाच वागतो.

पितळी_पेटी

सप्लायला धातूची पेटी आहे का? प्लॅस्टिकची असेल तर आधी ती बदला. निम्मे प्रश्न तिथंच संपतात.

निळी_एलईडी

धातूचीच आहे, अ‍ॅल्युमिनियमची. झाकणाच्या कडा रंगवलेल्या होत्या, त्या घासून स्क्रूखाली उघडा धातू केला. फरक पडला, पण नावापुरता.

लहरी

पेटीचा इथं फार संबंध नाही असं माझं मत. केबल दीड मीटर म्हणालात ना? १०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३ मीटर, तिची निम्मी दीड मीटर. तुम्ही सप्लायला अर्ध्या तरंगाची अँटेना जोडून दिलीय. चाचणीचं टेबल ८० सेंटिमीटर उंच असतं, केबल त्यावरून खाली लोंबते, म्हणून उभ्या ध्रुवीकरणात पकडली जाते. अँटेना आडवी केली की तीच केबल आंधळी होते. पेटी कितीही चांगली असो, आरएफ दारातून येतेय, भिंतीतून नाही.

वॉकी-टॉकीनं बाकावर तपासता येतं, त्याचं गणितही सोपं आहे. ५ वॅटचा हँडसेट साध्या डायपोलसारखा धरला तर १ मीटरवर साधारण १५ व्होल्ट प्रति मीटर, दीड मीटरवर १०, तीन मीटरवर ५. पण हा आकडा मोकळ्या जागेतला. खोलीत भिंती, लोखंडी कपाट, तुम्ही स्वतः, सगळं परावर्तन करतं. हातभर सरकलात तर क्षेत्र दुप्पट किंवा जवळजवळ शून्य होऊ शकतं. शिवाय हँडसेट एकाच फ्रीक्वेन्सीवर बोलतो, आणि एफएम असेल तर त्याच्या पातळीत चढउतार नसतो. दोष आहे एवढं तो दाखवेल, दोष नाही हे सिद्ध करणार नाही.

आणखी एक. परवाना असलेल्या फ्रीक्वेन्सीवरच हे करा. जनरेटरला अँटेना लावून उघड्यावर ८० ते १००० मेगाहर्ट्झ फिरवणं बेकायदा तर आहेच, शिवाय कोणाच्या तरी अत्यावश्यक संदेशवहनात अडथळा येऊ शकतो. ते काम बंदिस्त चेंबरचंच.

शून्य_डीबी

मी याच कामात आहे, सविस्तर लिहिते.

सर्वात आधी मला एक सांगा. बाकावर २५ व्होल्ट कशानं मोजलेत? बटण दाबल्यावर मल्टिमीटर २५ दाखवतो, याचे दोन अर्थ होतात. एक, सप्लाय सरकला. दोन, मल्टिमीटर सरकला. त्याच्या लीडही एक-एक मीटरच्या अँटेनाच आहेत आणि त्याच्या आतही जंक्शन आहेत. पहिल्या दिवशी हे वेगळं केलं नाही तर पुढचा महिनाभर तुम्ही मीटरची दुरुस्ती सप्लायवर करत राहाल.

मी काय करते ते सांगते. सप्लाय काढायचा आणि त्याच जागी, त्याच केबलला, १२ व्होल्टच्या दोन लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडायच्या. बाकी काही हलवायचं नाही, ना मीटर, ना लोड, ना तारांची वळणं. आता तीच आरएफ द्या. बॅटरीला फीडबॅक नसतो, ती सरकणार नाही. तरीही आकडा हलला तर तो मीटरचा.

मग मीटरकडची बाजू दुरुस्त करायची. मोजणीच्या दोन तारा एकमेकींभोवती घट्ट पिळायच्या, मीटरजवळ फेराइट रिंगमधून तीन-चार वेढे द्यायचे आणि मीटरच्या तोंडाशी १ किलोओम आणि १० नॅनोफॅरडचा फिल्टर बसवायचा. तो सोळा किलोहर्ट्झच्या वरचं अडवतो आणि आपल्याला हवा तो १ किलोहर्ट्झ (चाचणीत आरएफची पातळी ज्या गतीनं वरखाली करतात तो, म्हणजे मॉड्युलेशन) सोडतो. बॅटरीवर आकडा स्थिर झाला की मगच सप्लाय परत जोडायचा.

लोडचंही तेच. इलेक्ट्रॉनिक लोड वापरू नका. त्याचा स्वतःचा करंट लूप आरएफनं बिघडतो. आमच्याकडे एकदा ५ अँपिअरवर लावलेला लोड चाचणीत साडेसहा अँपिअर ओढायला लागला, सप्लाय करंट लिमिटमध्ये गेला, आणि दोन दिवस आम्ही सप्लायलाच दोष देत बसलो. वायरवाउंड रेझिस्टर घ्या. ते तापतात, पण खोटं बोलत नाहीत.

निळी_एलईडी

मॅडम, कालच बॅटरी लावून पाहिलं. आणि धक्काच बसला. बॅटरीवरही मीटर ४०० मिलिव्होल्ट जास्त दाखवत होता! फिल्टर आणि फेराइट लावल्यावर ती सरक ५ मिलिव्होल्टच्या आत आली. मग सप्लाय जोडला तर खरी सरक साधारण ७०० मिलिव्होल्ट निघाली. म्हणजे दोष आहेच, पण मी मोजत होतो त्यातला मोठा वाटा मीटरचा होता.

आता वॉकी-टॉकीच्या भरवशावर राहायचं नाही असं ठरवलंय. जागेवर उभं राहून बटण दाबताना दर वेळी वेगळा आकडा येतो. केबलमधूनच आरएफ घालता येईल का?

शून्य_डीबी

येईल, आणि तोच मार्ग बाकासाठी योग्य. आयईसी ६१०००-४-६ हे त्याचंच मानक. १५० किलोहर्ट्झ ते ८० मेगाहर्ट्झ, केबलवर कॉमन मोडमध्ये (सगळ्या तारांवर एकसारखी), पातळ्या १, ३ आणि १० व्होल्ट. लहान उपकरणासाठी हीच पद्धत २३० मेगाहर्ट्झपर्यंत वाढवायला मानकात वाव आहे, म्हणजे तुमचा १०० चा दोष तिच्या टप्प्यात येतो.

त्यासाठी कपलिंग-डिकपलिंग नेटवर्क लागतं, सगळे सीडीएन म्हणतात. आरएफ तारांवर घालायची आणि लोडकडे जाऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. सप्लायकडून पाहिलं तर कॉमन मोड इम्पिडन्स (आरएफला होणारा रोध) १५० ओम दिसला पाहिजे. त्यातले ५० जनरेटरचे, १०० सीडीएनमधल्या रेझिस्टरचे. दोन तारा असतील तर प्रत्येक तारेला १० नॅनोफॅरड आणि २०० ओम, तीन असतील तर ३०० ओम, तुमच्या चार तारांना ४०० ओम. समांतर धरले की प्रत्येक वेळी १००. लोडकडच्या बाजूला चोक (आरएफ अडवणारी कॉइल), १५० किलोहर्ट्झला किमान २८० मायक्रोहेन्री.

चोक गुंडाळताना चारही तारा एकत्र घेऊन त्याच कोअरवर वेढे द्या. जाणारा आणि येणारा ५ अँपिअर मग एकमेकांचं चुंबकत्व खोडतो. तारा वेगवेगळ्या कोअरवर गुंडाळल्या तर फेराइट सॅच्युरेट होतं, इंडक्टन्स उरत नाही आणि तुमची आरएफ सप्लायऐवजी लोडकडे पळते.

मांडणी: खाली तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, त्यावर १० सेंटिमीटर उंचीच्या इन्सुलेटिंग ठोकळ्यावर सप्लाय, सीडीएन पत्र्याला चिकटून आणि सप्लायपासून १० ते ३० सेंटिमीटरवर. मेन्सच्या बाजूला दुसरं सीडीएन, त्याच्या आरएफ सॉकेटवर ५० ओमचं टर्मिनेशन. आरएफ एका बाजूनं आत आली तर दुसऱ्या बाजूनं बाहेर पडायला ठरलेली वाट हवी, नाहीतर तुमची चाचणी बाकाच्या लाकडावर अवलंबून राहील.

मेन्सचं सीडीएन मात्र घरी बनवू नका. त्यातल्या कपॅसिटरमधून अर्थला करंट वाहतो. अर्थची तार सुटली तर पूर्ण पेटी आणि पत्रा जीवघेण्या व्होल्टेजवर जाऊ शकतो. तयार घ्या, आणि मेन्स जोडण्याआधी पत्रा अर्थला पक्का बोल्टनं जोडा.

जुने_सोल्डर

कॅलिब्रेशनबद्दल मी भर घालतो, कारण इथं नवखे हमखास अडखळतात. "१० व्होल्ट" म्हणजे ओपन सर्किटचे. सीडीएनच्या सप्लायकडच्या तोंडाला १०० ओम सिरीजमध्ये लावून ५० ओमच्या मीटरवर मोजायचं, तेव्हा आकडा एक षष्ठांश येतो. १० व्होल्टसाठी १.६७. तिथं १० दिसेपर्यंत अ‍ॅम्प्लिफायर वाढवणारे लोक मी पाहिलेत, मग सप्लाय जळाला की नवल करतात. हे सगळं मॉड्युलेशनशिवाय करायचं, दर फ्रीक्वेन्सीची जनरेटरची पातळी लिहून ठेवायची आणि मग चाचणीत तीच पुन्हा द्यायची.

अ‍ॅम्प्लिफायर साधारण ७ वॅटचा लागेल. ८० टक्के मॉड्युलेशनला शिखर १.८ पट जातं, म्हणजे पॉवर सव्वातीन पट, आणि मध्ये ६ डीबीचा अ‍ॅटेन्युएटर असतोच. तो अ‍ॅटेन्युएटर वाचवायचा मोह टाळा. अ‍ॅम्प्लिफायर शिखरावर चिरडला जाऊ लागला तर हार्मोनिक (मूळ फ्रीक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट लहरी) निघतात, मग ३३ मेगाहर्ट्झला नापास दिसतं आणि खरा दोष १०० चा असतो. स्कोपवर एकदा शिखर गोल आहे का बघून घ्या.

विद्युल्लता

वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. एक शंका. १ किलोहर्ट्झचं मॉड्युलेशन कशासाठी? साधा कॅरियर (एकाच पातळीची आरएफ) देऊन सरक मोजली तर पुरे नाही का?

शून्य_डीबी

चांगला प्रश्न. साध्या कॅरियरनं आउटपुट फक्त सरकतं. ३० मिलिव्होल्टची सरक आरएफमुळे की रेझिस्टर तापल्यामुळे, हे सांगणं कठीण. मॉड्युलेशन दिलं की रेक्टिफिकेशनमधून १ किलोहर्ट्झ निघतो आणि आउटपुटवर स्पष्ट दिसतो. सप्लायकडे स्वतःचा १ किलोहर्ट्झ काढायचं कारणच नसतं, त्यामुळे तो दिसला की चोर सापडला. मी तर कपॅसिटरमधून आउटपुट एका छोट्या बॅटरीवरच्या अ‍ॅम्प्लिफायरला देऊन हेडफोननं ऐकते. फ्रीक्वेन्सी सरकवत जायचं, शिट्टी वाढली की थांबायचं. डोळ्यांपेक्षा कान लवकर पकडतात.

आणि यातली सर्वात महत्त्वाची गोष्ट: चाचणी हलक्या लोडवरही करा. आउटपुटला १००० मायक्रोफॅरड आहेत असं धरू. मॉड्युलेशनच्या शिखरावर लूप व्होल्टेज वर ढकलतो. दरीत तो खाली आणू पाहतो, पण सप्लाय करंट परत ओढू शकत नाही, फक्त द्यायचं थांबवू शकतो. खाली आणणारा एकटा लोड. ५ अँपिअर असेल तर अर्ध्या मिलिसेकंदात अडीच व्होल्ट उतरतील. ०.१ अँपिअर असेल तर जेमतेम ५० मिलिव्होल्ट. म्हणजे हलक्या लोडवर आउटपुट शिखरालाच टांगलेलं राहतं. १ किलोहर्ट्झ जवळजवळ दिसत नाही, आणि डीसी मात्र पूर्ण लोडपेक्षा किती तरी वर. तुमचं ओव्हरव्होल्टेज संरक्षण एकदाच उडालं म्हणालात, तेव्हा लोड किती होता?

निळी_एलईडी

अहो, तेव्हा पॅनेल नुकतंच सुरू केलं होतं, रिले सगळे बंद. लोड नगण्य! हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

निळी_एलईडी

तीन आठवड्यांनी लिहितोय. मेन्सचं सीडीएन तयार मिळवलं, चार तारांचं स्वतः गुंडाळलं. कॅलिब्रेशन ८० मेगाहर्ट्झपर्यंत सरळ आलं, त्यावर थोडं डुलतं, पण दोष दिसायला पुरेसं.

आणि दोष दिसला! ९८ मेगाहर्ट्झला, साधा कॅरियर, पूर्ण लोड. ३ व्होल्टला सरक ९० मिलिव्होल्ट, ६ ला ३५०, १० ला ९५०. सोल्डर काकांचा वर्गाचा नियम डोळ्यांसमोर उभा राहिला. मग ०.१ अँपिअर लोडवर ८० टक्के मॉड्युलेशन दिलं आणि ओव्हरव्होल्टेज संरक्षण उडालं. दहापैकी दहा वेळा. दोन महिन्यांत पहिल्यांदा हा दोष माझ्या मुठीत आहे असं वाटलं.

दुरुस्तीला लगेच हात घातला आणि घाई नडली. डिव्हायडरमध्ये (आउटपुटचा ठरावीक हिस्सा रेफरन्स पिनला देणारी रेझिस्टरची जोडी) खाली १० किलोओम, वर ८६ किलोओम आहेत. खालच्या रेझिस्टरला समांतर १०० नॅनोफॅरड लावला. आरएफची सरक थोडी कमी झाली, पण लोड बदलला की आउटपुट डोलायला लागलं.

जुने_सोल्डर

डोलणारच. तुमच्या डिव्हायडरचा समांतर रोध ९ किलोओम, त्यावर १०० नॅनोफॅरड म्हणजे १७७ हर्ट्झला पोल, त्याच्या वरचा सिग्नल दबतो आणि उशिरा पोचतो. लूपच्या फेजची वाट लागली. आणि आरएफसाठी तो कपॅसिटर तसाही बिनकामाचा. पायांसकट ५ नॅनोहेन्री धरले तर तो ७ मेगाहर्ट्झला रेझोनेट होतो, त्याच्या पुढे ती कॉइलच.

असं करा. डिव्हायडरच दसपट खाली आणा, १ किलोओम आणि ८.६२ किलोओम. ५४ मिलिवॅट जास्त जळतील, जळू देत. रेफरन्स पिन कमी रोधावर बसली की आरएफला तिथं डोकं वर काढता येत नाही. मग १ नॅनोफॅरडचा एसएमडी सिरॅमिक. पोल १७७ किलोहर्ट्झवर जातो, लूपला त्याचा पत्ताही लागत नाही. तो कपॅसिटर टीएल४३१ च्या रेफरन्स आणि अ‍ॅनोड या दोन पायांवरच बसवा, जवळच्या ग्राउंडवर नव्हे. मिलिमीटरला एक नॅनोहेन्री हा हिशेब डोक्यात ठेवा, दहा मिलिमीटरचा ट्रॅक असेल तर १ नॅनोफॅरड ५० मेगाहर्ट्झलाच संपतो.

सेन्सच्या तारांना टर्मिनलपाशी प्रत्येकी १०० ओम आणि तिथूनच चेसिसला १ नॅनोफॅरड. ऑप्टोकपलरची बेस पिन बाहेर काढलेली आहे का? असेल तर बेस नसलेला प्रकार घ्या. ती पिन म्हणजे आरएफला दिलेलं आमंत्रणच.

लहरी

चेसिसला जाणाऱ्या कपॅसिटरच्या तारेकडेही बघा. मेन्स फिल्टरच्या वाय कपॅसिटरला (मेन्सची तार आणि अर्थ यांच्यामधला) ४० मिलिमीटर हिरवी-पिवळी तार असलेली मी कित्येक वेळा पाहिलीय. १०० मेगाहर्ट्झला ती २५ ओम होते. तिथं सुरक्षेची तार ठेवायचीच, पण आरएफसाठी फिल्टरची धातूची पाठ सरळ पेटीला टेकली पाहिजे.

निळी_एलईडी

सगळं केलं. १० व्होल्टला पूर्ण लोडवर सरक १५ मिलिव्होल्ट, हलक्या लोडवर मॉड्युलेशनसकट ४०. हेडफोनमध्ये शिट्टी शोधावी लागते. लोड बदलला तरी आउटपुट शांत.

एक नवीन निघालं. २७ मेगाहर्ट्झच्या आसपास आउटपुट जागच्या जागी, तरी ओव्हरव्होल्टेज संरक्षण उडतं. त्याचा कंपॅरेटर (व्होल्टेज मर्यादेशी ताडणारी चिप) बोर्डच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि त्याचा ट्रॅक ७० मिलिमीटर लांब. त्याच्या इनपुट पायावर १ किलोओम आणि १ नॅनोफॅरड दिला, थांबलं.

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेत तारीख मिळालीय. काही तयारी?

शून्य_डीबी

निकष आधी लिहून न्या. गेल्या वेळी तुम्ही फक्त "बंद पडू नये" असं लिहिलं असणार. सतत चालणाऱ्या आरएफसाठी निकष ए लागतो, म्हणजे चाचणी सुरू असतानाही ठरलेल्या मर्यादेत काम. ती मर्यादा उत्पादकानंच ठरवायची असते. "आउटपुट २४ व्होल्ट, अधिक-उणे १ टक्का, १० टक्के आणि १०० टक्के लोडवर, संरक्षण उडता कामा नये" असं स्पष्ट लिहा.

वेळेचा अंदाजही घेऊन जा. ८० ते १००० मेगाहर्ट्झ १ टक्क्याच्या पायऱ्यांनी म्हणजे सुमारे २५४ पायऱ्या. प्रत्येकीवर ३ सेकंद थांबलं तर तेरा मिनिटं, चार बाजू आणि दोन ध्रुवीकरणं धरून पावणेदोन तास. दोन्ही लोड म्हटले तर दुप्पट. वेळ अपुरा पडला तर आधी हलका लोड, अँटेना उभी, केबलची बाजू समोर. आणि केबल गुंडाळून ठेवू नका, गेल्या वेळी लोंबत होती तशीच लोंबू द्या.

निळी_एलईडी

आजच परत आलो. १० व्होल्ट प्रति मीटर, चारही बाजू, दोन्ही ध्रुवीकरणं, दोन्ही लोड, पास. सर्वात जास्त सरक १०३ मेगाहर्ट्झला, अँटेना उभी, हलका लोड: ५५ मिलिव्होल्ट. मोजणीच्या तारा तिथल्या फिल्टर पॅनेलमधून बाहेर काढल्या, आणि सुरुवातीला बॅटरी लावून दहा मिनिटं घालवली. तिथले अभियंते थांबून बघत होते.

सर्वांचे मनापासून आभार. सर्किटचा बदललेला भाग आणि सीडीएनच्या वेढ्यांचे फोटो उद्या इथंच टाकतो.

विद्युल्लता

अभिनंदन! फोटोंची वाट बघतेय. चोकचा कोअर कुठल्या मटेरिअलचा घेतलात तेही लिहा, माझ्याकडे १२ व्होल्टचा एक सप्लाय याच दुखण्यानं पडून आहे.

निळी_एलईडी

मँगनीज-झिंक फेराइटची रिंग, १५० किलोहर्ट्झला इंडक्टन्स मिळावा म्हणून. तिच्या पुढे सप्लायच्या बाजूला निकेल-झिंकची एक लहान रिंग, वरच्या फ्रीक्वेन्सीसाठी. एकट्या पहिलीवर ३० मेगाहर्ट्झनंतर कॅलिब्रेशन कोसळत होतं.